ओट्यावरचा तांब्या

प्रिय रामकिसन,

तुझी चिठ्ठी शेजारच्या कारभारीनं काल जालन्याहून आणून दिली. एकच विचारलंस, तू जाताना भरून ठेवलेल्या तांब्यातलं पाणी आबांनी घेतलं का. अरे, बहीण जगली का मेली ते तरी विचारायचं! असू दे. सांगते, पण माझ्या चालीनं सांगू दे. तूच कोळशानं भिंतीवर गिरवून घेतलेली अक्षरं आहेत, जल्दी चालत न्हाईत.

केदारखेडा, आपलं गाव, अजून रिकामंच आहे. गाठीच्या तापापायी, प्लेगापायी, गाव सोडायचा हुकूम उठला न्हाई, सगळे शेतात झोपड्या टाकून राह्यलेत. तुळजाकाकू म्हणती, रामकिसन येशूचा झाला म्हणून गावात उंदरं मरून पडली. मी म्हणलं, काकू, मंग शेजारच्या गावात कोण बाटलं होतं? तेव्हापासून बोलत न्हाई माझ्याशी. बरं झालं.

आबांना गाठ आली, हलवता येईना म्हणून आम्ही दोघं गावातल्या घरातच राह्यलो, तशी भावकी पांगली. आपला चुलतभाऊ कचरूसुद्धा वेशीतूनच ओरडून विचारायचा. मी एकटी पडले. आणि मंग तू आलास. बाप्तिस्मा घेतलास म्हणून आबांनी ज्याला उंबऱ्याबाहेर काढलं, ज्याचा तांब्या ओट्यावर वेगळा ठेवला, तो तू. आईच्या तेराव्यालाही तू ओंजळ धरून वरून ओतलेलं पाणी प्यायलास. तेव्हा मला तुझाच राग आल्ता, एवढं कसं सोसतो म्हणून. तू म्हणलास, आक्का, माझ्या गुरूनं तर त्याला धरून देणाऱ्याचेसुद्धा पाय धुतले.

तू आबांची घाण काढलीस, अंग पुसलंस, रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं पाय धुतलेस. ते भिंतीकडं तोंड करून पडलेले. अंगात ताकद न्हाई म्हणून शिवू देतात, असंच मला वाटायचं. पण तू तांब्या ओठाशी नेलास की दात घट्ट. एकदा ग्लानीत होते, तेव्हा मीच तुला खुणावलं, आता पाज, त्यांना कळायचं न्हाई. तर तू तांब्या माझ्या हातात दिलास आणि बाहेर जाऊन बसलास. फसवून पाजलेलं पाणी नको, म्हणलास. किती चिडले मी! बाप तहानेला, आणि ह्याला खरंखोटं सुचतंय! मंग जालन्याच्या तुझ्या मिशन दवाखान्यातून बोलावणं आलं, तिथंही माणसं पडून होती, आणि तुझा तांब्या भरून ठेवून तू गेलास.

आता ऐक, रामकिसन. खाली बसून वाच. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा गेले. अग्नी कचरूनं दिला. तुला कळवायचं न्हाई म्हणून भावकीनं मला बजावलंय. ही चिठ्ठी आणणाऱ्या कारभारीलाही मी सांगितलंय, तोंडानं काही बोलू नको; तुला हे परक्याच्या तोंडून ऐकायला नको. पाणी घेतलं असं लिहिणं सोपं होतं, पण तुला ते चाललं नसतं. न्हाई घेतलं रे. शेवटचा घोट माझ्याच हातचा. पण त्याच्या आधी, दिवस कलताना, मी कोमट पाणी घेऊन त्यांच्या पायाशी बसले, तर त्यांनी पाय ओढून घेतले. भिंतीकडचं तोंड दाराकडं वळवलं. म्हणाले, तू नको. तो कुठं गेला?

तेव्हा रडू आलं न्हाई, आता लिहिताना थांबत न्हाई. तुझा तांब्या मी घासून आत, आपल्या रांजणाजवळ ठेवलाय. भावकी काय म्हणायचं ते म्हणो. ये, आणि मला पाणी पाज.

तुझीच,
साळूआक्का