खरेदीची खोटी पाटी मळायला मिळण्याबाबत

प्रति,
माननीय नगरप्रमुख,
न्यायसभा, निनुर्ता मंदिराचे आवार,
निप्पूर.

विषय : पाटीशाळेचे गुरुजी दमू-अझू यांनी फसवून लिहून घेतलेले घर परत मिळणे व त्यांना भरसभेत वाचायला लावणे.
संदर्भ : अर्जदाराच्या वस्त्राची किनार उमटलेली सहा वर्षांपूर्वीची मातीची पाटी.

महोदय,

अर्जदार हुझालतुम, मयत नूर-कब्ता कुंभार यांची बायको, आपणास कळविते की :

१. अर्जदाराचा नवरा आतल्या खोलीत, जमिनीखाली आहे. दर महिन्याला चंद्र दिसेनासा झाला की अर्जदार त्याला तिथे पाणी घालते. सहा वर्षांमागे दमू-अझू शाळेसाठी जागा मागायला आले. म्हणाले, "वहिनी, दहा वर्षं भाड्यानं द्या, मग तुमचं घर तुम्हाला." तोवर अर्जदाराने मागच्या पडवीत राहायचे ठरले. पाटी त्यांनीच लिहिली, रीतीप्रमाणे सुमेरीत, जी आता घरात कुणी बोलत नाही. वाचूनही त्यांनीच दाखवली. साक्षीदार दोन, दोघेही त्यांचेच शिष्य. अर्जदाराजवळ मोहर नाही, म्हणून ओल्या मातीवर वस्त्राची किनार दाबली. तेव्हा अर्जदारास एक अक्षर येत नव्हते.

२. शाळेतली पोरे दिवसभर लिहितात. संध्याकाळी त्या पाट्या हौदात पडतात. अर्जदार त्या भिजवून मळते आणि सकाळी कोऱ्या करून देते. कुंभाराच्या बायकोला मातीचे काय ओझे! पण मळण्याआधी अर्जदार एकेक पाटी निरखू लागली. भिंतीपलीकडे पोरे ओरडत आणि तेच हातातल्या पाटीवर लिहिलेले असे. आधी तू-ता-ती, म्हणजे त्यांची बाराखडी. मग 'आ' म्हणजे पाणी, 'लू' म्हणजे माणूस. मग झाडे, लाकडी सामान, मडकी. (मडक्यांच्या यादीतली दोन मडकी खुद्द गुरुजींना ओळखता येत नाहीत, ही नोंद सभेने घ्यावी.) पुढे व्याकरण. क्रियापद शेवटी बसते आणि भाकरीला राख चिकटावी तसे त्याला पुढून तीन-तीन तुकडे चिकटतात. डोके उठते. पण एक सोय बरी आहे. करणाऱ्याच्या नावामागे 'ए' लावतात, म्हणजे कुणी केले ते लपत नाही.

३. या महिन्यात गुरुजींनी मोठ्या पोरांना घरखरेदीचा नमुना उतरवायला दिला. नवा नमुना रचायचा आळस, म्हणून घरातलीच, अर्जदाराच्या किनारीची पाटी नमुन्याला काढली. म्हातारीला कुठे वाचता येते! संध्याकाळी हौदाच्या काठावर अर्जदाराने गोल पाटी उचलली. डावीकडे गुरुजींचे अक्षर, उजवीकडे पोराचे. नूर-कब्ताचे घर. विकणारी हुझालतुम. 'इनशिनसा', म्हणजे विकत घेतले. चांदी पोचली. पुढे कधी तक्रार करणार नाही, राजाची शपथ. अर्जदाराने तीनदा वाचले. ती एक पाटी मळली नाही.

४. चांदी पोचली म्हणतात, ती कुणाच्या पदरात? आणि घर विकत घेतले होते, तर सहा सुगींना भाड्याचे जव कशाचे आणून टाकले? गल्लीने पाहिले आहे. विकत घेतलेल्या घराचे भाडे देणारा शहाणा निप्पुरात एकच निघाला.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने भरल्या वर्गात उभे राहून ती पाटी वाचली. गुरुजी म्हणाले, "म्हातारे, चिखल मळ जा. ही मेलेल्यांची भाषा आहे. शिकण्यात आमची हयात गेली, आणि तू निघालीस वाचायला!" अर्जदार म्हणाली, "मेलेल्यांची आहे ना? मग बरंच झालं. माझा मेलेला इथंच खाली आहे, त्यानंही ऐकू दे." पोरे हसली. गुरुजींनी दंडाला धरून अर्जदारास बाहेर काढले आणि आतून आडणा घातला. परवापासून चंद्र दिसायचा नाही. नवऱ्याला पाणी कोण घालणार?

६. सबब मागणी. दार उद्याच उघडावे. निकालाच्या दिवशी निनुर्ता देवाचे शस्त्र शपथेला समोर ठेवून दमू-अझू यांनी ती मूळ खरेदीची पाटी मोठ्याने वाचावी, शब्दागणिक अर्थ सांगावा. पोरे हजर असावीत, त्यांचे आईबापही असावेत. अर्जदार शेजारी उभी राहून चूक दाखवील. चुकणाऱ्याला शाळेत छडी असते. छडी अर्जदार घेऊन येईल, त्यांचीच आहे.

मग ती पाटी अर्जदाराच्या हातात द्यावी. अर्जदारास दंड नको, माफी तर अजिबात नको. सभेदेखत पाटी भिजवून मळीन, तिचीच गोल पाटी थापीन. तीवर त्यांनी पहिल्या दिवसाच्या पोरासारखे तू-ता-ती लिहावे. लिहून झाले की गल्ली सोडावी.

हा अर्ज लिहायला गावात कुणी हात लावीना. सगळे लिहिणारे त्यांच्याच हाताखालून गेलेले. म्हणून मीच लिहिला. अक्षर वाकडे आहे, मजकूर सरळ आहे.

सोबत : गोल पाटी, एक. कोरडी आहे, पाणी लागू देऊ नये.

विटांचा महिना, दिवस सत्ताविसावा,
महाराजांनी कालवा खोदवला ते वर्ष.

आपल्या न्यायाची वाट पाहणारी,
हुझालतुम

(यावेळी किनार दाबलेली नाही. नाव लिहिले आहे.)