रेग्युलेटर चांगला होता

जळगाव,
बुधवार, ८ एप्रिल २०२६

ज्योत्स्नावहिनी,

नमस्कार. तुम्ही, किरणदादा, मनू सगळे बरे असाल. मनूची परीक्षा संपली असेल. इथे ऊन बेचाळीसवर गेलंय.

मनूच्या फ्रॉकच्या पार्सलमध्ये जे पत्र ठेवलं होतं, त्यात एक चूक आहे. धुळ्याला नानांच्या स्वयंपाकघरात गॅस गळला तो रेग्युलेटर खराब असल्यामुळे, आणि आता नवा बसवलाय, असं मी लिहिलं होतं. रेग्युलेटर चांगला होता. नवा मी खरंच बसवला, पण पार्सल टाकल्यानंतर. लिहिलेलं निदान अर्धं तरी खरं व्हावं म्हणून. जुना माझ्या कपाटात आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण दादा फोन स्पीकरवर टाकतो आणि मग मी हवापाण्यावरच बोलत राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा लिहिलं आणि तुम्ही बघायच्या आत पुसलं. कागद पेटीत पडला की परत काढता येत नाही.

तर २२ मार्चचा रविवार. नेहमीसारखी मी शनिवारच्या बसने धुळ्याला गेले होते. सकाळी नानांनी फळीवरून भुसावळचा मोठा पर्कोलेटर काढला. तुम्ही एकदाच पाहिलाय, म्हणून सांगते: रेल्वेच्या बंगल्यातून भंगारात आलेला, झाकणावर काचेची घुंडी आहे तो. खाली पाणी उकळतं, नळीतून वर चढतं, डबीतल्या पुडीवर पडतं आणि पुन्हा खाली जातं. घुंडीत प्रत्येक उसळीचा रंग दिसतो. आधी नव्या गुळाचा, मग काकवीचा. काकवीचा रंग आला की नाना नाक पुढे करायचे. करपायच्या एक श्वास आधी वास बदलतो म्हणायचे, तो बदलायच्या आत उतरवायचं. घड्याळ लावणाऱ्याला ते कॉफीवाला मानत नसत.

मी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले तर दारातच गॅसचा वास. कॉफी उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू होतं, आणि नाना शेगडीशेजारच्या स्टुलावर बसलेले. हातात लायटर. "रंगच येत नाहीये," म्हणाले, "आच गेली वाटतं."

मी लायटर त्यांच्या हातातून घेतला. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "लायटर बिघडलाय, नाना." तेवढ्यात रविवारच्या कॉफीसाठी लोटनआप्पा आले आणि दारातूनच ओरडले, "अरे, केवढा वास सुटलाय." मग मी रेग्युलेटरचं नाव घेतलं. नाना लगेच म्हणाले, "हो ना, मघापासून येतोय."

मी तुम्हाला लिहिलं होतं, नानांनीच वास ओळखून गॅस बंद केला. ही दुसरी चूक. दोन्हींना चूक म्हणतेय, पण चूक नकळत होते.

वहिनी, नानांना वास येत नाही. पाच वर्षं झाली. मार्च २०२१ मध्ये ताप आला होता, तेव्हा गेला तो परत आलाच नाही. कडू-गोड कळतं, गरम-गार कळतं, बाकी काही नाही.

मला कळलं ते असं. ते बरे झाल्यावरच्या पहिल्या रविवारी चिकमगळूरच्या बियांचा डबा काढला. तो तापाच्या दिवसांत कुणीतरी कपड्यांच्या कपाटात ठेवला होता आणि बिया डांबरगोळ्यांचा वास धरून बसल्या होत्या. दळतानाच माझं डोकं भणभणलं. नानांनी शांतपणे कॉफी केली, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "जमली." मग डोळे उघडून मला विचारलं, "जमली ना?" त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं, वहिनी. मला सहाव्या वर्षापासून कॉफी त्यांनीच शिकवली. अक्षरंसुद्धा मी शाळेआधी त्यांच्या दुकानात, दुरुस्तीला आलेल्या स्टोव्हवरची नावं वाचून शिकले. प्रश्न ते नेहमी उत्तर माहीत असलेल्या माणसासारखे विचारायचे. त्या दिवशी तसं नव्हतं. मी तो अख्खा कप प्याले आणि "जमली" म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी त्यांचं नाक मी आहे. उतरवायची वेळ झाली की सहज म्हणते, "वास छान सुटलाय हं, नाना," आणि ते उतरवतात. ओसरीवर लोटनआप्पा आणि जीवरामकाका वाट बघत असतात. आप्पा चहाचेच माणूस, पण रविवार चुकवत नाहीत. "नाना, तुन्हा इंजिनले सिग्नल भेटना का नही?" हे ठरलेलं. कप हातात आला की, "हाई कॉफी नही, काढा शे," हेही ठरलेलं. मग दुसरा कप मागतात. नाना सगळ्यांना सांगतात कसा वास बदलला आणि नेमकं कधी उतरवलं, आणि मी आत कप विसळत ऐकते. सिग्नल कोण देतं ते आप्पांना माहीत नाही. निदान मला तसं वाटतं.

माझं बियाणं तपासायचं कामच असं आहे की शंभर बियांतल्या ब्याण्णव उगवल्या तर ब्याण्णव लिहायच्या. एक्याण्णव मोजल्यासारखं वाटलं तर मी पुन्हा मोजते. प्रयोगशाळेत यावरून मला हसतात. आणि घरी पाच वर्षं.

आता मनूचं. तुम्ही विचारलं होतं, सुट्टीत महिनाभर तिला नानांकडे ठेवू का, तुमची रजा शिल्लक नाही, सरळ हो किंवा नाही सांगा. मी हो लिहिलं. नानांना तिला कॉफी शिकवायची आहे. तिच्या उंचीचं स्टूल त्यांनी करून ठेवलंय, शेगडीपाशी. त्यावर बसून ती घुंडीतला रंग बघणार. ते स्टूल पाहिल्यापासून मला झोप नीट लागत नाही. नाही लिहिलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून हो लिहिलं. वहिनी, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तिला आणू नका. निदान मी पुन्हा लिहीपर्यंत नको.

मधल्या दिवसांचं विचाराल. स्वयंपाकाला कोकिळाबाई येतात. जाताना सिलिंडर बंद करायला त्यांना सांगितलंय, "नवा रेग्युलेटर नाजूक आहे," म्हणून. म्हणजे आणखी एक खोटं. सकाळचा चहा नाना स्वतः करतात. त्या वेळी मी साडेसहाला फोन करते आणि "बंद केला" म्हणेपर्यंत ठेवत नाही. मी नसताना ते पर्कोलेटर चढवत नाहीत. गेली पाच वर्षं एकदाही नाही. यावरून मला केव्हाच कळायला हवं होतं.

काय कळायला हवं होतं ते आता लिहिते. २८ तारखेला मी जळगावहून विजेची इंडक्शन शेगडी घेऊन गेले. गॅस काढून तीच ठेवावी, नानांना काहीतरी कारण सांगता येईल. दुपारी नाना झोपले असं बघून फ्रिजवरचं चुंबक काढलं आणि फळीवरच्या एकेका पर्कोलेटरला लावून बघायला लागले, कारण त्या शेगडीवर चुंबक चिकटेल तेच भांडं तापतं. तेवीस आहेत. दहा-अकरा झाले असतील, तर मागून आवाज आला, "त्या निळ्यालेच चिकटी. बाकी बठ्ठं अ‍ॅल्युमिनियम शे."

नाना दारात उभे होते. चाळीस वर्षं स्टोव्ह दुरुस्त केलेला माणूस, वहिनी. आपली पोरगी चुंबक घेऊन काय शोधतेय हे त्यांना कळायला किती वेळ लागणार? त्यांनी निळा खाली काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत ठेवला. आईला तो आवडायचा, सगळ्यांत ह्यालाच तेवढा रंग आहे म्हणून. मी चुंबक मुठीत धरून उभी. तेव्हा बोलायचं होतं. मी म्हटलं, "चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी कॉफी केली. पण मी "वास सुटलाय" म्हणायच्या आधीच उतरवली. फिक्की झाली होती. आप्पांनी दुसरा कप मागितला नाही. आणि परवाच्या रविवारी सकाळी मी बिया काढायला गेले तर नाना म्हणाले, "राहू दे. आज चहाच टाक, माय." ओसरीवर आप्पांनी कपात बघितलं. "काय नाना, इंजिन शेडमा गयं का?" नाना हसले. मला ते हसणं तुम्हाला नीट सांगता येणार नाही. खोटं नव्हतं. दमलेलं होतं.

वासाचा सिग्नल मी मुद्दाम देते, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे मी त्यांना सांभाळत होते की ते मला, हे मला आता माहीत नाही.

एक राहिलं. ते टाळत इथपर्यंत आले. २०२१ च्या त्या शुक्रवारी माझ्या घशात खवखवत होतं. ऑफिसात दोघं आजारी होते. तरी शनिवारी मी बसमध्ये बसले, कारण रविवार चुकवायचा नव्हता. मंगळवारी नानांना ताप आला. हे तपासून सिद्ध होण्यासारखं नाही. आमच्या अहवालात आम्ही 'कारण निश्चित नाही' असं लिहितो. पण त्या बसमध्ये मी तोंडावरचा रुमाल सरकवून सारखं पाणी पीत होते, ते मला आठवतं. दर रविवारी "वास सुटलाय" म्हणताना आठवतं.

इंडक्शन परत केली. त्या पैशांत तारांची कॉइलवाली शेगडी आणलीय. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमही तापतं. तेवीसच्या तेवीस. विझण्यासारखं तिच्यात काही नाही. पण ती गुपचूप नेऊन ठेवायची नाही, असं ठरवलंय. येत्या रविवारी, आप्पा-काका यायच्या आत, ती नानांसमोर ठेवून सगळं सांगणार आहे. डांबरगोळ्या, लायटर, आणि ती बससुद्धा. त्यानंतर ते जे म्हणतील ते. कॉफी करायची की नाही, आप्पांना सांगायचं की नाही, स्टूल कुठे ठेवायचं, हे त्यांनी ठरवायचं. संध्याकाळी तुम्हाला फोन करीन. दादाला स्पीकरवर टाकू द्या. तोवर मात्र त्याला काही बोलू नका, तो लगेच नानांना फोन लावील आणि त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही.

तुम्ही रागावलात तर बरोबरच आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत मी हो लिहिलं होतं.

हे पत्र पुन्हा वाचलं. यात चूक सापडली नाही.

हेमांगी

ता. क. वर 'येत्या रविवारी' लिहिलंय. येता रविवार दर आठवड्याला येतो. म्हणून स्पष्ट लिहिते: रविवार, १२ एप्रिल २०२६.