लाल दोऱ्याचा पेला

३ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न., पण लांबूनच.

रक्तात हिपॅटायटिस सी निघाला आणि वर लिव्हरला चरबी. दारूच्या थेंबाला कधी शिवलो नाही, तरी हे भोग. तीस वर्षांपूर्वी ऑपरेशनला रक्त चढवलं, त्यातून आला असावा म्हणतात. मी चौथी शिकलेला शिंपी, मला काय कळणार? पण कावीळ उष्ट्यातून पसरते हे शेजाऱ्यांकडून ऐकून आहे. म्हणून माझ्या पेल्याला, ताटाला लाल दोरा बांधला. महिन्याच्या नातीला मांडीवर घेणं बंद. झबल्याची मापं सून आतून ओरडते, मी मशीनवर बसून लिहितो. झबलं पिशवीसारखं झालं. सुनेलाही सांगितलंय, काजं-बटणं माझ्या शेजारी नको, माझी सुई घेऊन पलीकडे बस.

लोभ असू दे, भेटीचा आग्रह नको.

तुझा भाऊ

११ जानेवारी

चि. भाऊस,

अ. आ., आणि एक धपाटा राखून.

चाळीस वर्षं नर्स होते मी, आणि तू ऐकलंस शेजाऱ्यांचं? ती कावीळ निराळी, दूषित पाण्या-अन्नातून येणारी. तुझा सी रक्तातून रक्तात जातो. पेल्यातून, मांडीवरून नाही. शिवताना दिवसातून चारदा बोट टोचून घेणारा तू, आणि तीच सुई सुनेच्या हातात देतोस? चोर सोडून संन्याशाला फाशी. पेला मोकळा कर, सुई, वस्तरा, नेलकटर वेगळे ठेव. सुनेचं रक्त याच आठवड्यात तपासून घे.

डॉक्टरांच्या गोळ्या बारा आठवडे, एकही चुकवायची नाही. त्यानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, तोच खरा निकाल. बहुतेकांचा विषाणू पुरता जातो. चरबी दारूशिवायही चढते. मशीनवर बसून आठ कप गोड चहा पुरतो. रोज तासभर चाल. टेप गळ्यातच आहे, दर रविवारी कंबर मोज. खोटं माप कळवू नकोस, तुझी शिलाई मी ओळखते.

माया आहेच, रागासकट.

ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न.

सुनेचं रक्त स्वच्छ निघालं. ते कळेपर्यंत घास उतरत नव्हता. गोळ्या संपल्या. कंबर बेचाळीसची एकोणचाळीस झाली, दोन विजारी आत घेतल्या. पेल्याचा दोरा सुनेने माझ्यासमोर कापला. नात मात्र अजून लांबच. तुझं पटतं गं, पण हात धजत नाहीत. निकाल लागू दे. सून म्हणते, ती तुमच्याकडे बघून हात पसरते. मी मशीन जोरात चालवतो.

काळजी करू नकोस, ती मी करतो आहे.

भाऊ

९ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न., आता जवळून.

विषाणू सापडला नाही. डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आजोबा, गेला तो. तुम्हीही घरी जा." चरबी उतरते आहे, कंबर सदतीस, पण चालणं सोडायचं नाही म्हणाले. म्हणून घरीही चालतच आलो.

सुनेने नात आणून मांडीवर ठेवली. मी माप घेतलं. छाती सतरा, सून एकोणीस ओरडत होती. टेपचं टोक नातीने तोंडात घातलं आणि तशीच झोपली. उजवा हात तिच्या डोक्याखाली आहे, काढवत नाही. हे पत्र डाव्याने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

चहाला ये, बिनसाखरेच्या. पेले सगळे सारखे आहेत. माझा कुठला, ते आता मलाही सांगता येत नाही.

तुझा धाकटा