आधी टेलला

प्रिय तात्या,

फोनवर तुम्ही ‘बरं हाय, ठिवतो’ म्हणून माझं बोलणं अर्ध्यावर तोडता. पत्राला तसं तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. एक मागणं आहे, तुमच्या नातीसाठी, प्रगतीसाठी. पण आधी घरचं सांगते, नाहीतर तुम्ही कागद घडी करून खिशात टाकाल.

आम्ही मजेत आहोत. पहाटे यशराजचं पोहणं, संध्याकाळी ऋषिराजचा तबला, मग यशराजचं बुद्धिबळ, शनिवारी ऋषिराजची चित्रकला. तुमचे जावई मानसिंग, त्यांची एमआयडीसीतली ड्यूटी सारखी बदलते, म्हणून स्कूटर माझ्याच गळ्यात. डिकीत ओला टॉवेल, तबल्याची हातोडी, रंगाचा डबा आणि माझ्या भाषणाचे कागद एकत्र नांदतात. मागच्या महिन्यात इंदापूरला कॉलेजात बोलायला उभी राहिले, पिशवीत हात घातला, तर कागदांऐवजी यशराजचा पोहण्याचा चष्मा निघाला. पोरं खो खो हसली. तो चष्मा तसाच हातात धरून मी पाण्याच्या हक्कावर बोलले, आणि तात्या, सभागृह दणाणलं! ही धावपळ मला मनापासून आवडते. खेळ आणि कला ही बंगलेवाल्यांच्या पोरांची चैन नाही, ऊस लावणाऱ्याच्या नातवंडांचाही तो हक्क आहे, हे मी गावोगाव ओरडून सांगते. ते घरात होतंय, याचा अभिमान वाटतो.

आता प्रगती. तिला मी ॲबॅकसला घातलं होतं. का, तर तो क्लास तबल्याच्या क्लासला लागून आहे. एका फेरीत दोन कामं. तिला आकडेमोड आवडते का, हे मी विचारलंच नाही. तिचा क्लास लवकर सुटायचा, मग ऋषिराज येईपर्यंत ती स्कूटरवर बसून हेल्मेटवर बोटं बडवायची. मला वाटायचं, कंटाळलीय.

मागच्या आठवड्यात स्वयंपाक करता करता मी भाषणाची तयारी करत होते. तुम्हाला पाठच असेल ते. ‘आधी टेलला पाणी द्या, मग वर या!’ आपलं रान कालव्याच्या चारीच्या शेवटाला, वरच्यांचे ऊस भिजून उरलं तर आपल्याला, हे बघतच मी मोठी झाले. माझा सगळा आवाज तिथलाच. प्रगती ओट्याला टेकून ऐकत होती. म्हणाली, “आई, टेल म्हंजी काय?” मी सांगितलं, चारीचं शेवटचं टोक, वरच्यांचं भागल्यावर काही राहिलंच, तर तिथं पोचतं. तिनं जरा विचार केला आणि हसत म्हणाली, “मग आपल्या घरात टेल मीच हाय की!”

तात्या, तव्यावरची भाकरी करपली. मी गॅस बंद केला. मग तिला जवळ घेऊन विचारलं, तुला काय शिकायचंय गं? तिनं पुन्हा हेल्मेट घेतलं आणि वाजवून दाखवलं. तो तुमचा ताल होता, आपल्या गावच्या गजी नाचाचा. जत्रेत तुम्ही गळ्यात ढोल अडकवून रिंगणात उभे राहता आणि तिथली माणसं फेर धरतात, तोच. दोन जत्रांत पोरीनं तो नुसता ऐकून उचललाय.

त्याच दिवशी ॲबॅकस बंद केला. यशराज आता सायकलवर पोहायला जातो, ऋषिराजला त्याच्या मित्राचे वडील घेऊन जातात. यशराज चिडवतो, “आईचं भाषण आता घरातबी लागू झालं व्हय!” ऋषिराजनं मात्र बहिणीला आपल्या तबल्याला हात लावू दिला. तिनं एकदा थाप मारली आणि म्हणाली, “ह्याचा आवाज लई हळू हाय.”

रविवारची सकाळ आता तिची. पण गजीचा ढोल शिकवणारा क्लास बारामतीत मला माहीत नाही. मला माहीत असलेला गुरू एकच आहे आणि तो तुम्ही. तिच्याएवढी असताना मीही तुमच्या ढोलाला हात लावला होता. तुम्ही ओरडला नाहीत, फक्त म्हणालात, “पोरींनी ढोल गळ्यात घ्यायचा न्हाय, बाय.” मी गप्प बसले. त्यानंतर जगात कुणापुढे गप्प बसले नाही, एवढंच. राग नाही तात्या, खरंच नाही. पण टेलच्या माणसाला शेवटाला बसणं काय असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. फोनवर विचारलं असतं तर तुम्ही ‘बगू’ म्हणाला असता, आणि तुमच्या ‘बगू’चा अर्थ मी लहानपणापासून जाणते. म्हणून विचारत नाही, कळवते. येत्या रविवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी येतोय. ढोल माळ्यावरून उतरवून ठेवा. आणि दोरी आखूड करा, तिची उंची अजून तुमच्या कमरेएवढीच आहे.

तुमचीच,
स्वरूपा