न चाखलेला रस्सा

ती. विमलवन्सं यांना, चाकणहून मंजुळाचा वाकून नमस्कार. (वाकलं की माझी कंबर धरते, म्हणून मनातल्या मनात वाकले आहे. तरी पोचला असं समजा.)

तुमचा गुडघा कसा आहे? भाग्यश्रीकडच्या त्या जिन्याने तो आणखी दुखत असणार, लेकीकडं राहायला जायचं म्हणायचात तेव्हाच मी म्हणाले होते. दापोडीत दारावरून रेल्वे जाते, झोप लागत नसेल. लागत असेल तर चांगलंच आहे. आमचं इकडं बरं चाललंय. तुमचे बंधुराज मारुतराव दोन वेळा जेवतात, मधे चार वेळा चहा पितात आणि उरलेल्या वेळात कामाला लागतो असं म्हणतात. तुम्ही माझा फोन बंद करून ठेवलाय. (आमच्या सूनबाई वर्षाली त्याला ब्लॉक म्हणतात, आपण अबोला म्हणायचो.) म्हणून कागद घेतला. माझं शिक्षण चौथी, त्यातही चौथीचा निकाल बघायला मी गेले नव्हते, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. पत्र भैरूच्या हाती देते. भैरू म्हणजे तो फिटर हो, आपल्याकडं जेवायला येतो आणि हेल्मेट न काढता भाकरी मोडतो तो. तो तुमच्याच गल्लीच्या पलीकडं राहतो. एक आधीच सांगते, हे पत्र भांडण मिटवायला लिहिलेलं नाही. यात माफीबिफी शोधू नका, सापडायची नाही. झालेली हकिकत कळवावी, एवढंच.

आषाढात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण भाग्यश्रीला तुम्ही वेगळंच सांगितलं असणार, म्हणून खरं काय ते लिहून ठेवते. खानावळ सुरू केली त्या दिवसापासून आपला नेम आहे, की पहिलं ताट खंडोबाला. तो नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काही तोंडाला लावायचं नाही. बारा वर्षं मी हा नेम पाळला. रस्सा मी डोळ्याने बघते, नाकाने हुंगते, पण जिभेला लावत नाही. त्या दिवशी भाकरी थापता थापता मान वर केली, तर तुम्ही पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाटताय! अजून नैवेद्याचं ताट कोरडं होतं. मी बोलले. चार गिऱ्हाइकं बसली होती तरी बोलले. देवाला उष्टं घालता, केस पांढरे झाले तरी जिभेला लगाम नाही, असंही बोलले असेन. (असेन कशाला, बोललेच.) पण तुम्ही तरी काय, पदर झटकलात, पिशवी उचललीत आणि तडक दापोडी. पातेल्याखालचा गॅससुद्धा बारीक केला नाहीत. तो रस्सा बुडाला लागला. ते पाप कुणाचं, ते खंडोबा बघेल.

तेव्हापासून रश्श्याची चव गेली. हे मला कुणी सांगायला नको होतं, पण सगळे सांगायला लागले. मासवडी झकास होते, पीठ मीच घाटते, सारण मीच भरते, वडीला माशाचा आकार असा येतो की मांजर फसावं. पण मासवडी कोरडी कोण खातो? भैरू एक दिवस म्हणाला, "काकू, वडी आपल्या घरची हाय, पन रस्सा पाव्हण्याच्या घरचा लागतोय." दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचे तिघं रस्ता ओलांडून समोरच्या मेसला गेले. आणि खंडेनवमी तोंडावर आली. भिंतीपलीकडच्या कंपनीत दरवर्षी त्या दिवशी मशिनींची पूजा असते आणि दीडशे माणसांचं मासवडीचं जेवण आपल्याकडून जातं, हे तुम्हाला काय सांगायचं, पहिल्या वर्षी तुम्हीच ते मिळवलं होतंत. कंपनीचे साहेब यंदा आधीच येऊन जेवून गेले. अर्धी वाटी रस्सा ठेवला, कागदाने तोंड पुसलं आणि म्हणाले, बघू, कळवतो. कांदेपोहे खाऊन गेलेले पाहुणे 'कळवतो' म्हणाले की काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. खंडेनवमी समोरच्या मेसने नेली, तर उरलेले फिटर तरी माझ्याकडं कशाला थांबतील?

आधी मला वाटलं, तुम्ही मसाल्यात काहीतरी गुपचूप घालत होता आणि जाताना ते घेऊन गेलात. तुमची फळी धुंडाळली. बामाची बाटली, एक फणी आणि मारुतरावांचा हरवलेला चष्मा मिळाला. (तो तीन वर्षांपूर्वी माझ्यामुळं हरवला असं ठरलं होतं, हे लक्षात असू द्या.) मग मी मिक्सरवर संशय घेतला. मिक्सरमधे वाटण गरम होतं, त्याचा वास भांड्यातच उडून जातो. म्हणून पाटा बाहेर काढला. साठ माणसांचं वाटण पाट्यावर वाटलं आणि दोन दिवस मला वेणी घालता आली नाही. चवीत फरक पडला, खोटं कशाला बोलू. पाट्यावर खोबऱ्याचं तेल सुटतं, लसूण चिरडतो, रस्सा दाट होतो. पण तो पाव्हण्याच्या घरून निघून फार तर आपल्या गल्लीत आला. घरात काही शिरेना.

मग आठवलं, जुनी माणसं कांदा विस्तवात भाजायची. गॅसवर कांदा वरून काळा होतो आणि आत कच्चाच राहतो. निखाऱ्यात पुरला की आतून शिजतो, गोड होतो, धुराचा वास धरतो. म्हणून मागच्या अंगणात शेगडी पेटवली. कांदे झाले नामी. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, म्हटलं विस्तव आहेच, तर मिरच्याही भाजून घ्याव्यात. दोन किलो लवंगी मिरची तव्यावर टाकली आणि वारं फिरलं. मिरचीच्या धुराचा सगळा खाट भिंतीवरून कंपनीत. आधी एक शिंकला, मग दहा, मग भोंगा वाजला. वन्सं, अख्खी शिफ्ट डोळे पुसत मैदानात येऊन रांगा करून उभी राहिली! सुरक्षावाला तोंडाला फडकं बांधून लाल नळकांडं घेऊन माझ्या अंगणात आला आणि ओरडायला लागला, गळती कुठाय, गळती कुठाय? मी म्हटलं, गळती तुझ्या नाकाला आहे, माझ्याकडं मिरच्या आहेत. तो म्हणाला, आज्जी, विझवा. मला आज्जी म्हणाला. मी त्याचं जेवण बंद केलंय.

हे सगळं झाल्यावर वर्षाली मधे पडली. ती मोटारीचे दरवाजे करणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे. दरवाजा लावताना नीट आवाज आला नाही तर ती तो परत पाठवते. (घरात मी दार आपटलं की माझ्याकडं तशीच बघते.) ती म्हणाली, आई, तुम्ही एका दिवशी चार गोष्टी बदलता, मग बिघडलं कशाने ते कसं कळणार? एका वेळी एकच बदला. रविवारी तिने गॅसच्या शेगड्यांवर सहा पातेली लावली, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. सगळ्यांत मसाला तोच, मीठ तेवढंच, बदल एकेकच. एकात गार पाणी, एकात उकळतं. एकात खोबरं काळपट भाजलेलं, एकात बदामी. एक कुकरमधे शिट्ट्या घेऊन, एक मंद आचेवर तासभर. माझा विश्वास नव्हता, पण पोरगी खरी निघाली. फोडणीवर गार पाणी ओतलं की तर्री बसते आणि तेल नि पाणी एकमेकांशी अबोला धरतात. उकळतं ओतलं तर तर्री डोक्यावर राहते. खोबरं बदामी असेपर्यंत गोड, जरा पुढं गेलं की कडू, आणि तो कडूपणा गुळाचंही ऐकत नाही. कुकरचा रस्सा शिजलेला लागतो, मुरलेला लागत नाही. तीस वर्षं मी रांधतेय, हे हाताला माहीत होतं, पण तोंडाने सांगता आलं नसतं.

चाखायला दोघं बसवले होते, मारुतराव आणि भैरू. मारुतरावांनी सहाही वाट्या संपवल्या आणि सहा वेळा म्हणाले, चांगलं हाय. (लग्नाला बत्तीस वर्षं झाली, त्या माणसाला दुसरं वाक्य येत नाही.) भैरूने चौथ्या वाटीला हेल्मेट काढलं. आजवर कधी काढलं नव्हतं. म्हणाला, "काकू, हा! हा विमलमावशींचा!" मला वर्षालीच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण सून आहे, म्हणून नाही पडले.

तिने चौथ्या पातेल्याचं सगळं वजनकाट्यावर मोजून भिंतीवर लिहून लावलं. सोमवारी तसंच्या तसं केलं. रस्सा भाताच्या पाण्यासारखा लागला! मंगळवारी तसंच केलं, तर तिखटजाळ. वर्षालीने खुर्ची ओढली. त्यांच्या कंपनीत म्हणे काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं असतं, पाचव्याला चोर सापडतो. चव का गेली? मसाला रोज वेगळा लागतो. का? कांदा कधी जुना गोड, कधी नवा पाणचट. मिरचीची एक खेप रंगाची, एक खेप जाळाची. मग प्रमाण तेच का ठेवता? भिंतीवर तूच लिहिलंस म्हणून. (इथं तिने भिंतीवरचा कागद काढून घेतला, मला बरं वाटलं.) मग आधी प्रमाण कोण बदलायचं? विमलवन्सं. आणि त्यांना बदलायचं हे कळायचं कसं? हा पाचवा. मी म्हटलं, मला काय माहीत. तेव्हा कोपऱ्यातून मारुतराव चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "विमल चाटायची की. रोज. बारा वर्षं. मीठ, तिखट, चिमूट इकडं, चिमूट तिकडं. समद्यांना ठावं व्हतं, तुला कशाला सांगायचं?"

वन्सं, मला वाटलं होतं मी तुम्हाला पहिल्यांदाच चाटताना पकडलं. तुम्ही रोज! म्हणजे बारा वर्षं माझा खंडोबा उष्टं खात होता, आणि त्याच बारा वर्षांत आपली खानावळ दोन टेबलांवरून अकरा टेबलांवर गेली. आणि आषाढापासून तो चोख, सोवळ्यातलं खातोय, तर माणसं रस्ता ओलांडताहेत. याचा अर्थ मी लावत बसले नाही. देवाच्या मनातलं आपण काढू नये.

असो. हकिकत एवढीच. चोर सापडला, तेव्हा आता काळजी नाही. मी सगळं सांभाळायला समर्थ आहे. यायचं तर या, नाहीतर तुमची मर्जी. भाग्यश्रीला आशीर्वाद. गुडघ्याला तीळतेल चोळत जा.

तुमची भावजय,
मंजुळा

ता. क. चाटायचंच आहे तर मी पण चाटून बघितलं. नैवेद्याचं आधी वेगळं काढलं, मग चाटलं. मला सगळंच बरोबर लागतं. मी बरोबर म्हटलेलं पातेलं भैरूने तोंडाला लावलं आणि दोन तांबे पाणी प्याला. वर्षाली म्हणते इतक्या वर्षांच्या मिश्रीने माझी जीभ पत्र्याची झाली आहे. मला ते पटलेलं नाही, पण मिश्रीचा डबा मारुतरावांकडं ठेवायला दिलाय. ते तिसऱ्यांदा हरवल्याचं सांगताहेत.

ता. क. दुसरा. बुधवारी घट बसतात. माझा नऊ दिवस कडक उपवास, तुमचा उठता-बसता, पहिल्या माळेला आणि अष्टमीला. म्हणजे खंडेनवमीला या घरात रांधणाऱ्या दोन बायकांपैकी रस्सा जिभेला लावू शकणारी एकच आहे. देवाचं ताट मी आधी बाजूला काढीन, मग तुम्ही कोपरापर्यंत चाटा, माझी हरकत नाही. देवाला अळणी गेलं तर तो पोटात घालतो. फिटर घालत नाहीत. चारचौघांत बोलले ते चारचौघांत बोलायला नको होतं. दारामागं बोलायला हवं होतं.

ता. क. शेवटचा. वर लिहायचं राहिलं. कंपनीचे साहेब परवा परत आले होते. या वेळी 'कळवतो' नव्हे, थेट 'नाही'च म्हणाले. मग मी सांगून टाकलं, की विमलबाई परत आल्यात, गुडघ्यामुळं आत पडून आहेत, रस्सा त्याच करणार. लगेच हो म्हणाले. तुमच्या खोलीच्या बंद दाराला हात जोडून गेले. आत फक्त कांद्याची पोती होती. तेव्हा वन्सं, खंडेनवमीला दीडशे माणसं तुमचं नाव घेऊन पानावर बसणार आहेत. तुम्ही आला नाहीत, तर उठताना मात्र ती माझं नाव घेतील, आणि कसं घेतील ते मला या कागदावर लिहिता यायचं नाही.