निंबाकडची रेघ

बाबा, मले लिवाची सवय नाई. सातवीतून तुमीच काढली. पण एक गोष्ट सांगाची राहून गेली, ते सांगते अन् मोकळी होते.

आपल्या मिलची बास्केटबॉलची टीम तेव्हा भल्ली जोरात होती. तीन वर्षं कोणी हरवलं नव्हतं. मी विशीतली पोरगी, तुमचा डबा घेऊन याची अन् मॅच संपल्याशिवाय घरी नाई जाची. मातीचं ग्राउंड, तुमचं काम रेघा आखाचं. मी बोर्डाखाली मागच्या रेघेवर दोरीचं टोक धराची, तुमी गाठीपर्यंत ताणाचे. गाठ जिथं पोचन तिथं फ्री थ्रोची रेघ, वरून चुना. मंग सिव्हिल लाइनवाल्यांच्या टीमसंग मॅच ठरली. बूटवाले, सिमेंटच्या ग्राउंडवर शिकलेले. त्याच्यात एक उंच पोरगा. तुमी त्याले एकदा खेळताना पाहिलं अन् घरात त्याचंच सुरू झालं. जेवताना हात वर करून दाखवाचे, "पाह्य वं, असा सोडते बॉल. फूल वाहिल्यावानी." आई म्हणे, "वरण थंडं होऊन राहिलं, फूल मंग वाहा." मी हासली नाई. आपल्या कॅप्टनसाठी तुमचा हात कधी असा वर गेला नाई. तीन वर्षं दोरी धरली, माझ्यासाठीबी नाई.

मॅचच्या दिवशी सकाळी आपण आखाले गेलो. पाहुण्यांले पयल्या हाफले निंबाकडचा बोर्ड, हा आपला रिवाज. तिकडची रेघ आखताना मी टोक धरून गपचूप एक पाऊल पुढं सरकली. तुमची गाठबी तेवढीच पुढं गेली. त्याले दुरून मारा लागन, एवढंच डोक्यात. हाफटाइमले बाजू बदलते, हे मले माहीत नव्हतं का? पण जळणाऱ्याले अर्धीच मॅच दिसते. अजूनबी डोळ्यापुढं येते. तो उंच पोरगा रेघेवर उभा हाये, दोन्ही बॉल जाळीत. दुसऱ्या हाफले आपला कॅप्टन त्याच रेघेवर, दोन्ही बॉल रिंगच्या अलीकडंच पडते. एका पॉइंटनं हरलो.

मिलचा सेक्रेटरी बोर्डापासून रेघेपर्यंत पावलं मोजून तुमच्यापाशी आला. "काहून गा, दोरी धरता येत नाई का तुले? टीम डुबवली!" सगळे पाहून राहिले होते. तुमी बोर्डाखाली पाहिलं. मागच्या रेघेच्या एक पाऊल पुढं माझ्या चपलेचा चुन्याचा ठसा. "चुकलं असन, साहेब," तुमी म्हणाले, "नजर कमी झाली." चुन्याचा डबा दुसऱ्याच्या हातात गेला. मंग तुमी मॅच पाहालेबी कधी गेले नाई. त्या दिवशी घरी येताना एकच बोलले, "चप्पल धुऊन टाक वं."

तं तुमाले माहीत होतं. ते सांगाले नाई बसली. रडापडाचा तमाशा मले जमत नाई, अन् हा कागद पोस्टात टाकाचाबी नाई, पिठाच्या डब्याखाली राहीन. सांगाचं दुसरंच हाये. त्या पोराचा दुसरा बॉल जाळीत गेला तेव्हा तुमी ग्राउंडच्या पलीकडं होते, तुमाले दिसलं नसन. मी टाळी वाजवली. एकच. तुमी म्हणत तसाच होता त्याचा हात.