टेबलावरून उतरवलेली बैठक

अहमदाबाद

प्रिय मम्मीस,
जय भीम.

मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर तू मध्येच घाबरतेस, म्हणून लिहून कळवतेय.

काल डिझाइनच्या कॉलेजात माझ्या प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन झालं. आपल्याकडच्या कॅम्प तीनमधल्या कारखान्यातून आलेल्या जीन्सचे धागे कापत तू दारात बसतेस ना, तेव्हा पाठीला टेकू मिळावा म्हणून केलेली बुटकी बैठक. चूक माझीच झाली. इथे सगळे ठेवतात तशी मी ती टेबलावर मांडली. परीक्षक उभ्यानेच बघत होते. एका मॅडमनी विचारलं, "बाल्कनीत कुंड्या ठेवायला आहे का?"

माझं डोकंच सटकलं. बैठक उचलून खाली दाराच्या चौकटीला लावली, तुझ्यासारखा एक पाय लांब करून बसले आणि सोबत आणलेल्या जीन्सवर कात्री चालवायला लागले. एक सर म्हणाले, "उठ, असं खाली बसून प्रेझेंटेशन होत नाही."

मी म्हटलं, "सर, ही खाली बसणाऱ्या बाईसाठीच आहे." आणि बसूनच राहिले.

मार्क राखून ठेवलेत. बैठकीला उंच पाय लावून आण, मग पास करू म्हणतात. मी लावणार नाही. पप्पांना एवढ्यात सांगू नकोस.

तुझी कंबर कशी आहे? खरं सांग. शेजारच्या ठमामावशीला म्हणावं, तिच्या मापाचीही करतेय.

सोमवारी पुन्हा बोलावलंय. टेबल नको, असं मी आधीच कळवून टाकलंय. परीक्षकांसाठी खाली चटया टाकणार आहे.

बुवापाड्यात सगळ्यांना जय भीम सांग.

तुझीच,
प्रीती